नोकरी सोड, पण हातातलं काम शिकून सोड

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझे बाबा भेटले. तू तिसरी नोकरी सोडून पुण्याला निघालास, म्हणून खचलेत. त्यांची बाजू तुला कळावी म्हणून लिहितोय. निकाल मात्र सगळा त्यांच्या बाजूने लागणार नाही.

ते बेळगावातल्या वडगावच्या ज्या गल्लीत वाढले, तिथं घरोघरी माग होते. साड्यांना उठाव नसला की वाण्याकडे उधारी सुरू. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि मराठी शाळेत शिकलेल्या पोरांना कन्नडवाचून सरकारी नोकरी अवघड झाली. राहिलं काय? मराठा लाइट इन्फंट्रीची भरती, नाहीतर उद्यमबागेतली फौंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतायचा कारखाना. बाबा पर्मनंट झाले तेव्हा कुठे त्यांचं लग्न ठरलं. अशा माणसाला राजीनामा म्हटलं की ती उधारीच आठवते. त्याला भित्रेपणा म्हणू नकोस.

पण 'आमच्या वेळी कुणी तक्रार केली नाही' असं ते म्हणतात, ते मला मान्य नाही. १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी भावासाठी महामार्ग अडवला, गोळीबारात माणसं गेली. तिथल्या विडी कामगार बायकाही हक्कासाठी संघटित झाल्या. ओव्हरटाइमचे पैसे आणि रविवारची सुट्टी तू मागतोस, त्यात काहीच वावगं नाही. ठामपणे माग.

माझा जीव अडकतो तो दुसरीकडे. तू फौंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायच्या कामाला, जेमतेम सात-आठ महिने राहिलास. जुना मोल्डर वाळू मुठीत दाबून, मोडून बघतो, ते तू पाहिलं असशील. वाळूत पाणी जास्त झालं की धातूच्या तप्त रसाने त्याची वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, पोकळ्या राहतात. आता ओलावा मोजायला यंत्र आहे, ते जरूर वापर. पण रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, का वाढलं हे शोधायला त्या कामापाशी बराच काळ उभं राहावं लागतं. हे ज्ञान मालकाचं नाही, तुझं आहे. पुण्यात काय, कोल्हापुरात काय, तेच तुला भाव मिळवून देईल. बाबा कंपनीशी एकनिष्ठ राहिले. तू कंपनी खुशाल बदल, पण हातातल्या कामाशी तरी तेवढा एकनिष्ठ राहा.

आणि कन्नड बोलायला शीक. आमच्यातल्या अनेकांनी ते हट्टाने टाळलं. त्या हट्टामागचं दुःख मला ठाऊक आहे, पण शेजारच्या मशीनवरच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलल्याने आपली मराठी उणी होत नाही.

जायचंच ठरलं असेल तर अनुभवाचा दाखला हातात घेऊनच नीघ. पीएफ काढून मोकळा होऊ नकोस, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या तुझ्या कायमच्या नंबरवर, नव्या कंपनीत ट्रान्सफर करून घे. पीएफबरोबरच्या पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते, ती वेगवेगळ्या कंपन्यांतली मिळूनही चालते. हे बाबांना तू स्वतः समजावून सांग. मी सांगून त्यांचा जीव शांत व्हायचा नाही.

तुझा,
काका