माझी ओळख मला फोनच्या वहीत सापडली

तुम्ही विचारलंय, "सहा वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी करतोय, आता स्वतःचं काम सुरू करायचंय. सगळे म्हणतात आधी पर्सनल ब्रँड बनव, लिंक्डइनवर रोज पोस्ट टाक. सुरुवात कुठून करू?"

पोस्टपासून नको. पोळलेला माणूस सांगतोय.

मी इचलकरंजीत करसल्लागार आहे. यंत्रमागवाले, सायझिंगवाले (सुताला खळ लावणारे), सूतव्यापारी या माझ्या पार्ट्या, म्हणजे ग्राहक. २०१९ साली जाड कागदावर हजार कार्डं छापली, 'टॅक्स प्लॅनिंग आणि फायनान्शियल स्ट्रॅटेजी'. रोज सकाळी व्हॉट्सॲप स्टेटसला सुविचार, खाली माझा फोटो. त्यातून एकही नवी पार्टी आली नाही. एका मावसभावाने "फोटो बदल" एवढं मात्र कळवलं.

२०२२ मध्ये एक वही घातली. येणाऱ्या प्रत्येक फोनची नोंद करायची: कोण, कशासाठी, माझं नाव कुणी सुचवलं. सुचवणाऱ्याला नंतर विचारायचो, "काय सांगून सुचवलंत?" विचारायला लाज वाटते, पण खरा माल तिथेच आहे. तीन महिन्यांनी चाळली तर टॅक्स प्लॅनिंगसाठी दोन फोन. निम्म्याहून जास्त फोन नोटिशीने घाबरलेल्यांचे. एएसएमटी-१०, म्हणजे विवरणपत्रातल्या तफावतीबद्दल जीएसटी खात्याची नोटीस आलेली, ३बी या जीएसटी विवरणपत्रात घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) २बीशी, म्हणजे विक्रेत्यांच्या माहितीवरून पोर्टलवर बनणाऱ्या तक्त्याशी जुळत नाही, उत्तराला ३० दिवस आणि इंग्रजी कागद बघून झोप उडालेली. सुचवणारे म्हणाले होते, "ते नोटीस मराठीत समजावून सांगतात, ओरडत नाहीत."

मला वाईटच वाटलं. मी स्वतःला मोठा धोरणी समजत होतो आणि लोकांच्या लेखी मी नोटीस वाचून दाखवणारा! आठवडाभर वही उघडलीच नाही.

त्याच वहीत तिघांचं आणखी एक निघालं: "२० तारीख जवळ आली की फोन उचलत नाहीत." ३बीची मुदत असते, मी कामात बुडालेला असतो. त्यांना वाटायचं, माणूस माजलाय. आता १८ ते २० तारखेला संध्याकाळी सात ते आठ मी फक्त फोन घेतो. फलकावर 'जीएसटी नोटीस मराठीत समजावून मिळेल' असं लिहिलंय. स्टेटसला सुविचार नाही, महिन्यातून एखाद्या नोटिशीचा अर्थ, नाव-गाव झाकून.

दुसरी सवय व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या पीटर ड्रकर यांच्याकडून उचलली. मोठा निर्णय घेताना त्यातून काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं आणि नऊ ते बारा महिन्यांनी ताडून बघायचं. मी लिहिलं होतं, "यूट्यूबवर दर आठवड्याला व्हिडिओ." नऊ महिन्यांत झाले चार, तेही घामाघूम होऊन. कॅमेऱ्यासमोर मी लाकूड आहे. समोर चहा आणि घाबरलेला माणूस असला की ठीक बोलतो. तो नाद सोडला.

तुम्ही नोकरीत असतानाच वही घाला. ऑफिसातले लोक तुमच्या टेबलाशी नेमके कशासाठी येतात? बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या आणि आपल्या नोंदींचा मेळ) अडलं म्हणून, की साहेबांना मेल लिहून हवा म्हणून? साहेबांनी नेमून दिलेलं काम त्यात धरू नका. आपणहून आलेले तेवढेच लिहा.

आणि कार्डं छापायची घाई करू नका. माझी सात-आठशे अजून शिल्लक आहेत, मुलगी मागच्या कोऱ्या बाजूवर पाढे लिहिते.