प्रात्यक्षिकाचे गुण आणि सरांची झोप

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्या की रत्नागिरीत माझ्याकडे समुपदेशनासाठी विज्ञानाचे शिक्षक हमखास येतात. तक्रार बहुतेकांची एकच: "लेखी पेपरचे सत्तर गुण ठीक आहेत, उत्तरपत्रिका समोर असते. पण प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांत माझ्या हातून कुणावर अन्याय झाला तर?"

राजापूरकडचे रसायनशास्त्राचे एक सर असेच आले. झोप उडालेली. गुण लिहायचे, खोडायचे आणि शेवटी सगळ्यांना पंचवीस-सव्वीसच्या घरात बसवायचे. "कुणालाच वाईट वाटायला नको, मॅडम."

"आणि ज्याने मनापासून काम केलं, त्याला काय वाटत असेल?"

पुढच्या भेटीत ते दोन जर्नल घेऊनच आले. प्रयोग पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनचा: ब्युरेट या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून जांभळं द्रावण सोडत, रंग पालटायला ते नेमकं किती लागतं हे मोजायचं. एका मुलाची तिन्ही रीडिंग १०.२ मिली, अक्षर मोत्यासारखं. दुसरं जर्नल एका मुलीचं: १०.९, मग १०.३, १०.३. पहिल्या आकड्यासमोर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं, "गुलाबी गडद झाला, जास्त पडलं." खाडाखोड म्हणून सरांनी तिचे दोन गुण कापले होते.

मी म्हटलं, "सर, आकडे बाजूला ठेवू. या दोघांनी टेबलापाशी काय काय केलं, तेवढंच सांगा."

मुलीबद्दल ते भरभरून बोलले. परमँगनेट गडद असतं, नळीतल्या द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही, म्हणून ती वरच्या कडेच्या पातळीत डोळा आणून वाचत होती. शेवटी शेवटी थेंब थेंब सोडत होती. मुलापाशी मात्र ते अडखळले. "तो चौघांच्या गटात होता. ब्युरेटला हात लावताना मी त्याला पाहिलंच नाही." बराच वेळ दोन्ही पानांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी टायट्रेशनला गुण दिलेच नाहीत. माझ्या उत्तराशी जुळलेल्या आकड्याला दिले."

हे मी सांगितलं असतं तर त्यांनी वाद घातला असता. त्यांचं त्यांना दिसलं, म्हणून ते टिकलं.

माझ्या कामाचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धत. कृतीचं मोल करता येतं, माणसाचं नाही, हे तिचं सांगणं शिक्षकांइतकं कुणाला लागू पडत असेल असं मला वाटत नाही. सर प्रत्येक आकड्यात त्या मुलाचा आणि स्वतःचाही निवाडा करत होते, म्हणून त्यांचा हात थरथरत होता.

शिक्षकांना मी सांगते, काय पाहणार ते आधी फळ्यावर लिहा: हाताळणी, नोंद, आकडेमोड, तोंडी. गुण तिथल्या तिथे टिपा; संध्याकाळी आठवून दिलेले गुण बोलक्या मुलांकडे झुकतात. ब्युरेट चौघांत एकच असेल, तर प्रत्येकाकडून एक टायट्रेशन करून घ्या आणि ज्याचं रीडिंग त्यालाच त्याबद्दल विचारा. चुकलेलं रीडिंग कारणासह प्रामाणिकपणे लिहिलं असेल, तर उत्तराचे गुण कापा, नोंदीचे पूर्ण द्या.

सरांनी सराव परीक्षेत हे केलं. एका मुलाचे वडील गुण कमी का म्हणून विचारायला आले. सरांनी वही उघडून दाखवलं: ब्युरेट द्रावणाने खळबळून घेतला नाही, फनेल वरच राहिलं. वडिलांनी विचारलं, "परत करायला मिळेल?"

सर म्हणाले, "शनिवारी पाठवा."