धुळ्याहून जळगावला खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी हलवली, आता पाण्यात अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारं विष) दिसतोय. सगळं पाणी बदलू का?

नाही, रोज २०-२५ टक्केच बदला आणि खाद्य चिमूटभरच टाका. अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतातच, ते दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर असतात. प्रवासात ते सुकून किंवा हवेविना मरतात, शिवाय ढवळलेल्या वाळूतली घाण वर येते. समुद्री टाकीचा पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली ते सांगणारा आकडा) ८ च्या वर, त्यामुळे तोच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो. उरलेले जिवाणू वाचावेत म्हणून स्पंज सध्या धुऊ नका. आणि आपल्याकडच्या उन्हात पाणी उडतं, मीठ मात्र टाकीतच राहतं. तेव्हा घटलेली पातळी साध्या आरओच्या पाण्यानेच भरा, बोअरच्या नको. मासे वर येऊन धापा टाकत असतील तर मात्र निम्मं पाणी लगेच बदला, पण नव्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा आधी जुळवून.