धोकादायक मालाची गळती झाल्यास कोणी, केव्हा आणि काय कळवावे

अमेरिकेतील वाहतूक कंपनीत नव्याने रुजू होणाऱ्यांनी सर्वप्रथम हे समजून घ्यावे की, घटना कळवण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर नव्हे, तर त्या वेळी माल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात असेल त्याच्यावर असते. धोकादायक मालामुळे कोणी दगावले, कोणाला रुग्णालयात दाखल करावे लागले, लोकांना तासभर किंवा अधिक काळ सुरक्षित स्थळी हलवावे लागले अथवा मुख्य रस्ता तितकाच वेळ बंद राहिला, तर नॅशनल रिस्पॉन्स सेंटरला (अशा घटनांची खबर घेणारे अमेरिकेचे सरकारी केंद्र) शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा १२ तासांच्या आत, फोनने कळवावे लागते. सगळा तपशील हाती येईपर्यंत थांबण्याचा मोह नवख्यांना हमखास होतो. तो कृपया आवरावा, कारण ठिकाण, वेळ, मालाचा धोक्यानुसार ठरलेला वर्ग (ज्वलनशील, विषारी इत्यादी), अंदाजे प्रमाण आणि जखमींची स्थिती एवढ्यावर पहिली खबर देता येते.

फोन केला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. घटना लक्षात आल्यापासून ३० दिवसांत अमेरिकेच्या परिवहन विभागाला त्याच्या ५८००.१ क्रमांकाच्या नमुन्यात लेखी अहवाल द्यावा लागतो. फोन करण्याइतकी गंभीर नसलेली गळती, चढवताना-उतरवताना फुटलेले पिंप, इतकेच काय, कागदपत्रांत न दाखवलेला धोकादायक माल सापडणे, हेही बहुतेक वेळा या लेखी अहवालाच्या कक्षेत मोडते. अहवालाची प्रत दोन वर्षे जपावी. जखमी व्यक्तीचा नंतर मृत्यू झाल्यास वर्षभरापर्यंत सुधारित अहवालही द्यावा लागतो.