बँड फिका पडला म्हणजे प्रोटीन लवकर तुटतंय असं होत नाही

तुम्ही विचारलंय की औषध दिल्यावर वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन किती आहे ते पट्ट्यांवरून दाखवणारी चाचणी) तुमच्या प्रोटीनचा बँड, म्हणजे पट्टा, फिका झाला, एमआरएनए (ज्यावरून प्रोटीन बनतं ती प्रत) मात्र तेवढाच आहे, मग प्रोटीन जास्त वेगाने तुटतंय असं थीसिसमध्ये लिहू का. एवढ्यावरून नका लिहू. एमआरएनए तेवढाच असला तरी रायबोसोमने (पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र) त्यावरून प्रोटीन बनवणंच कमी केलेलं असू शकतं, तरी बँड असाच दिसेल.

मी ठाण्याहून रोज नवी मुंबईतल्या लॅबला जातो, ट्रान्सहार्बरने. सकाळी नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर गर्दी कायम तेवढीच दिसते, पण एकेक माणूस तिथे दोन मिनिटं थांबतोय की वीस, हे नुसत्या गर्दीवरून सांगता येत नाही. ते कळायला एकतर पुलावरून खाली येणारी माणसं थांबवायची आणि प्लॅटफॉर्म किती वेळात रिकामा होतो ते बघायचं, नाहीतर आत्तापासून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर शिक्का मारायचा.

येणारे थांबवायचे म्हणजे सायक्लोहेक्झिमाइड हे रसायन द्यायचं. प्रोटीन बनणं बंद, मग ठराविक वेळांनी सॅम्पल काढून ब्लॉट. यात टाइम पॉइंट चुकले की सगळं वाया. मी सुरुवातीला ०, ८, १६, २४ तास घेतले आणि ८ तासालाच ब्लॉटवरची त्या सॅम्पलची जागा कोरी, कारण माझं प्रोटीन तासाभरात संपणारं होतं, त्यात तीन आठवडे गेले. पी५३ सारखं प्रोटीन नॉर्मल पेशीत साधारण २०-३० मिनिटांत निम्मं होतं, त्याला ०, १०, २०, ४०, ६० मिनिटं असंच जावं लागतं. सोबत एमजी१३२ दिलेली एक डिश ठेवाच, ते प्रोटिअसोम (पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र) बंद करतं; त्यात बँड टिकला तर प्रोटीन प्रोटिअसोममध्ये जातंय हे कळतं, नाही टिकला तर लायसोसोमकडे (तोडण्याची पेशीतली दुसरी जागा) बघा, ते बंद करणारं क्लोरोक्विन किंवा बॅफिलोमायसिन देऊन.

पण जास्त तास सायक्लोहेक्झिमाइड ठेवलं की मला त्या आकड्यावर विश्वास वाटत नाही. पी५३ ला युबिक्विटिन (तोडायची खूण म्हणून लावलं जाणारं छोटं प्रोटीन) लावून तोडायला पाठवणारं एमडीएम२ स्वतःच अल्पायुषी आहे, नवीन बनणं बंद केलं की तेही संपत जातं, म्हणजे जे मोजायचं तेच आपण बिघडवतोय.

आरएनएला हेच काम अॅक्टिनोमायसिन डी करतं, ते ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनणं, थांबवतं. इथे बरेच जण क्यूपीसीआरला (आरएनए किती आहे ते मोजायची पद्धत) सवयीने जीएपीडीएच या नेहमी चालू असणाऱ्या जीनने नॉर्मलाइज करतात, म्हणजे त्याच्या तुलनेत मोजतात, पण नवीन बनणं सगळ्यांचंच बंद केलंय तर जीएपीडीएचचा एमआरएनएही हळूहळू उतरणारच, आणि तुमचा जीन आहे त्याहून स्थिर दिसणार. तुलनेला १८एस आरआरएनए (रायबोसोममधला आरएनए) घ्या, किंवा आरएनए काढताना बाहेरचा ठराविक आरएनए मिसळा.

शिक्का मारायची पद्धत मला खरंच जास्त आवडते कारण पेशीचं काम चालू राहतं. प्रोटीनसाठी मीडियामध्ये जड कार्बन-नायट्रोजनचे लायसिन आणि आर्जिनिन द्यायचे, नवीन प्रोटीन जड, जुनं हलकं, मास स्पेक (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) दोन्ही वेगळं दाखवतो. आरएनएसाठी फोर-थायोयुरिडिन (नव्या आरएनएत युरिडिनच्या जागी बसणारा रेणू) द्यायचं, नंतर आयोडोअॅसिटामाइड लावलं की सीक्वेन्सिंगमध्ये त्या जागी टी ऐवजी सी वाचला जातो, म्हणून नवा-जुना आरएनए ओळखता येतो. २०११ मध्ये बर्लिनच्या गटाने उंदराच्या फायब्रोब्लास्टमध्ये अशी लेबलं लावून दोन्ही एकत्र मोजलं, एमआरएनएची मीडियन (मधली) हाफ लाइफ, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, ९ तास आली, प्रोटीनची ४६. म्हणजे तुमच्या प्रोटीनचं आयुष्य त्याच्या एमआरएनएवरून ओळखायला जाऊच नका.

लेबलिंगमध्ये मात्र पेशी वाढतात हे धरावंच लागतं. पेशी २४ तासांत दुप्पट होत असतील आणि जुनं प्रोटीनही पेशीमागे २४ तासांत निम्मं झालं असेल तर ते काही तुटलेलं नाही, फक्त दोन पेशींत वाटलं गेलंय. मोजलेल्या रेटमधून वाढीचा रेट वजा करा, उरलेल्याने ०.६९३ ला भागा, ती खरी हाफ लाइफ.

तुमच्याकडे मास स्पेक नसेल तर सायक्लोहेक्झिमाइडच करा, पण छोट्या वेळांचं आणि औषध दिलेल्या, न दिलेल्या दोन्ही पेशींवर, तीनदा. औषध दिलेल्या पेशींत बँड उतरायचा वेग जास्त आला तर प्रोटीन जास्त वेगाने तुटतंय असं लिहा, सारखे आले तर प्रोटीन बनण्याच्या बाजूला शोधा.