आजोबा मॅचबद्दलच का बोलले

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. व्हिडिओ कॉलवर सांगलीची सगळी मंडळी जमलेली असताना तू सांगून टाकलंस की एक वर्ष शिक्षण थांबवणार, काम करणार आणि मग पुढचं ठरवणार. त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. आजोबांनी विचारलं, ‘कालची मॅच बघितलीस का?’ आणि उरलेला सगळा कॉल मामा आणि आजोबा संघनिवडीवरून एकमेकांवर ओरडत होते. तू लिहिलंयस, ‘यांना अमेरिकेच्या निवडणुकीवर मत आहे, अंपायरवर आहे, शेजाऱ्यांच्या पडद्यांच्या रंगावरसुद्धा आहे. फक्त माझ्यावर नाही. यांना काही फरकच पडत नाही का?’

पडतो गं. पडतो म्हणूनच बोलले नाहीत.

बर्लिनमध्ये वाढत्या वयात राहिल्यावर हे उलटं वाटणारच. तुझ्या मैत्रिणीने घरी हेच सांगितलं तेव्हा तिच्या वडिलांनी जेवता जेवता विचारलं होतं, पैसे कुठून येणार, राहणार कुठे, परत शिकायला जाशील कशावरून. तासाभरात विषय संपला. आपल्याकडे असा विषय तोंडावर निघतच नाही. तुझ्या पाठीमागे मात्र तू फोन ठेवल्यापासून तो जोरात चालू असणार, याबद्दल निश्चिंत राहा.

आधी त्या ओरडण्याबद्दल सांगते. लहानपणी सुट्टीत सांगलीला गेलो की हॉलमध्ये भांडण लागलंय असं समजून तू माझ्या मागे लपायचीस. ते भांडण बहुतेक वेळा गावसकरांच्या ३६ धावांचं असायचं. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडने साठ षटकांत ४ बाद ३३४ केल्या. उत्तरादाखल सुनील गावसकर सलामीला आले, शेवटपर्यंत राहिले आणि १७४ चेंडूंत नाबाद ३६ धावा करून परतले. भारत ३ बाद १३२. मामाच्या मते हा गुन्हा आहे. आजोबा म्हणतात, वनडे म्हणजे काय हे तेव्हा कोणाला कळत होतं? मामा म्हणतो, इंग्लंडला बरं कळलं! मग आजोबा चष्मा काढतात, बनियनच्या कडेला पुसतात, उजेडाकडे धरून बघतात, पुन्हा पुसतात आणि १९७१ वर येतात. ‘पहिलाच दौरा. वेस्ट इंडिज. चार कसोटींत ७७४ धावा, आणि डोक्यावर हेल्मेट नाही. तू कर.’ ‘तू कर’ला मामाकडे उत्तर नसतं, कारण त्याला पळून बससुद्धा पकडता येत नाही.

मला कळायला लागल्यापासून मी हे ऐकते आहे. त्यात आजवर कोणाचंही मत तसूभर हललेलं नाही, आणि उद्या मामाने हार मानली तर सगळ्यात जास्त पंचाईत आजोबांचीच होईल. संध्याकाळी मग बोलायचं काय?

२००४ मध्ये मुलतानला सचिन १९४ वर खेळत असताना द्रविडने डाव घोषित केला, तेव्हा तर घरात उभे दोन तट पडले. मावशी म्हणाली, कसोटी जिंकायची की द्विशतकं मोजत बसायचं? आजोबा तिच्याशी कितीतरी वेळ धड बोलले नाहीत. द्रविडही मराठी घरातला, त्यामुळे ‘आपला माणूस’ म्हणून एकाची बाजू घ्यायची सोयही नव्हती. भारताने ती कसोटी एका डावाने जिंकली, पण आजोबांच्या वहीत त्या सहा धावा अजून येणे बाकी आहेत.

(खेळ म्हणजे फक्त क्रिकेट का, हा तुझा जुना प्रश्न रास्त आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्य मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आमच्या हॉलमध्ये त्यांचं नाव निघालं की सगळे मान डोलावतात. मान डोलावली की वाद संपतो आणि मंडळी परत क्रिकेटवर येतात, कारण तिथे एकमत होत नाही.)

पेपरचंही तसंच. सकाळी पेपर आला की त्याची वाटणी होते. पहिलं पान आणि अग्रलेख आजोबांचा, खेळाचं पान मामाचं, पुरवणी मावशीची. आजोबा बॉलपेन घेऊन अग्रलेख वाचतात आणि समासात बारीक अक्षरात लिहितात, ‘कशावरून?’, ‘हे आधी का नाही सुचलं?’, आणि फारच पटलं तर नुसती एक बरोबरची खूण. संपादकांना यातलं काही कळत नाही. पेपर महिनाअखेर रद्दीत जातो. पण त्या खुणा मामा चोरून वाचतो आणि रात्रीच्या वादाची तयारी त्यावर करतो.

२३ नोव्हेंबर २०१९ तुला आठवतो का? इथे पहाटेचे साडेतीन वाजले असतील. फोन वाजला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला, वाटलं आजीचं काही बरंवाईट झालं. पलीकडून मामा ओरडत होता, ‘टीव्ही लाव, शपथविधी उरकला!’ रात्री एक सरकार ठरतंय म्हणून माणसं झोपली आणि सकाळी उठून बघतात तर राजभवनावर भलत्याचाच शपथविधी. त्यासाठी त्याने मला झोपेतून उठवलं. आता गंमत बघ, मावशीचं लग्न मोडायच्या बेतात होतं ही बातमी मात्र मला सगळं निस्तरल्यावर, ते सुद्धा लोणच्याच्या कृतीबद्दल बोलताना, जाता जाता कळली. पुढे शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, घरच्या ग्रुपवर हमरीतुमरी झाली आणि मामा ग्रुप सोडून गेला. मावशीने त्याला परत घातलं, कारण घरपट्टीची पावती त्याच्याकडे होती.

गावसकर काय किंवा मुख्यमंत्री काय, आपल्या बोलण्याने त्यांचं काही बिघडत नाही. तिथे जीभ सैल सोडायला हरकत नसते. तुझ्याबद्दल आजोबा एक वाक्य बोलले आणि ते तुला लागलं तर? शिवाय घरातलं मोठं माणूस बोललं की ते मत राहत नाही, निकाल होतो. ‘आजोबा नको म्हणाले’ इतकं झालं की पुढे आजी, मामा, मावशी सगळ्यांची दारं बंद. हे आजोबांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून ते मॅचकडे वळले. माझ्या मते त्यांनी तुला जागा करून दिली.

आणि हे काही आमच्या एका घराचं खूळ नाही. गोपाळ गणेश आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक, १८८१ पासूनचे. कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्ध छापलेल्या मजकुरावरून टिळक आणि आगरकर दोघांनाही १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, आणि सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांचं जोरात स्वागत केलं. दरबारावर, सरकारवर कडक लिहिणारा माणूस लोकांना हवाच होता. त्याच आगरकरांनी पुढे ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि घरातल्या गोष्टींवर सरळ लिहायला लागले: पोरवयातली लग्नं, विधवांचं केशवपन, मुलींचं शिक्षण. तेव्हा पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. लेखणी तीच होती, फक्त ती माजघरात शिरली होती.

आता हे सगळं मला फार गोड वाटतं असं समजू नकोस. आडून बोलण्याची किंमत कोणीतरी मोजतं, आणि बहुतेक वेळा ती घरातल्या बायका मोजतात. आजीचंच घे. मॅच चालू असताना ती चहाचा ट्रे घेऊन यायची, दारात क्षणभर थांबायची आणि म्हणायची, ‘थर्डमॅन मोकळा का ठेवलाय?’ पुढच्याच षटकात तिथून चौकार जायचा. कोणी मान वर करून बघायचं नाही. ‘मला काय कळतंय त्यातलं’ असं म्हणत ती कप गोळा करायची. सासरी आल्यापासून ती रेडिओवर कॉमेंटरी ऐकत आली आहे, स्वयंपाक करताना, दोन खोल्यांपलीकडून. घरातल्या मोठ्या निर्णयांतही तिचं असंच होतं. तिला विचारायचं कोणाला सुचलंच नाही, आणि आपण होऊन बोलायची रीत नव्हती. याला मी संस्कार म्हणणार नाही. हा अन्याय होता, आणि तो करणारी माणसं प्रेमळ होती.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईला महिला विश्वचषकाची फायनल झाली. पावसाने सामना लांबला आणि संपायला मध्यरात्र झाली. आजी जागी होती. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना ४५ वर बाद झाली तेव्हा आजोबा हळहळले, आणि आजी सरळ म्हणाली, ‘पाय हलला नाही तिचा.’ मग दीप्ती शर्माने ५ बळी घेतले, भारत ५२ धावांनी जिंकला, आणि मामाने स्मृतीचा तो फटका पुन्हा पुन्हा लावून बघितला. म्हणाला, आई बरोबर सांगत होती. हे त्याने ग्रुपवरही लिहिलं. आजीने त्याला उत्तर म्हणून जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. ते आभारासाठी की ‘झालं ना समाधान’ म्हणून, कोण जाणे.

माझ्या वेळेचंही सांगते. इथे यायचं ठरलं तेव्हा मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. आजोबांनी पेपर खाली न घेता विचारलं, ‘तिकडे मॅच दिसते का?’ मला इतका राग आला की मी उठून गेले. नंतर मावशीकडून कळलं की त्यांनी बँकेतला एक जुना सहकारी शोधून काढला होता, कारण त्याचा मुलगा जर्मनीत होता. तिकडे एकट्या बाईला रात्री घरी येता येतं का, डॉक्टर कसा गाठायचा, थंडीत नळ गोठतात का, सगळं कागदावर उतरवून घेतलं होतं. तो कागद त्यांनी मला कधीच दिला नाही. मावशीने तो बघितला होता.

तर तुझ्याबद्दलची मतं आता सुटी सुटी येऊ लागतील. आजी विचारेल, ‘जेवतेस ना वेळेवर?’ म्हणजे तिला पैशांची काळजी आहे. मावशी कोणाच्या तरी मुलीची गोष्ट सांगेल, जिने असंच वर्ष घेतलं आणि पुढे छान झालं. ती मुलगी बहुधा अस्तित्वात नाही. मामा काही न लिहिता कुठल्यातरी शिष्यवृत्तीची लिंक पाठवेल. शेवटी आजोबांचा फोन येईल. त्यांनी मोहिंदर अमरनाथचा विषय काढला तर समज की परवानगी मिळाली. संघातून कितीदा काढलं तरी परत यायचा आणि १९८३ च्या फायनलला सामनावीर ठरला, हे ते तुला सविस्तर सांगतील, जणू तू पहिल्यांदाच ऐकते आहेस. पण ‘सेट झाल्यावर विकेट फेकू नये’ या वळणावर गेले तर त्यांच्या मनात शंका आहे. तेव्हा बचाव करत बसू नकोस. हातात काय काम आहे, पैसे किती मिळतील, परत केव्हा जाणार, तेवढं सांग.

आणि ते न सांगता नुसतं ‘तुझं तू ठरव’ म्हणाले तर फोन ठेवू नकोस. तिथे बहुतेक जण फोन ठेवतात. गावसकरांच्या ३६ धावांबद्दल तुझं मत विचारलं तर बिनधास्त मामाच्या बाजूने बोल, आजोबांना मनापासून आनंद होईल. त्यांनी मुलीच्या मुलीशीही वाद घालायचा बाकी ठेवला आहे.

एवढी वर्षं इथे काढल्यावर मला सरळ बोलायची थोडी सवय लागली आहे, म्हणून माझं मतही सरळच. वर्ष घे. पण विद्यापीठातून नाव काढून टाकू नकोस, रजेचं सेमेस्टर मिळतं का ते आधी विचार. आरोग्य विमा विद्यार्थी म्हणून आहे, तो बदलणार असेल तर हप्ता किती होईल ते मला लिहून कळव. अंदाजे नको, आकडा हवा. भाड्याची चिंता मला तुझ्या कामापेक्षा जास्त आहे, त्यावर रविवारी बोलू.

मामाला सध्या काही सांगू नकोस. तो ग्रुपवर टाकेल.

तुझी,
आई