अमेरिकेत चार्टर शाळांना परवानगी कोण देतं? चांगली चाललेली शाळा सरकार बंद कशी करू शकतं? महाराष्ट्रात असं मॉडेल आणावं का?

"चांगली चाललेली" हे कोण ठरवतं, मुळात वाद तिथेच आहे. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर, पण स्वतंत्र मंडळाने चालवलेली शाळा; तिला ठरावीक मुदतीची परवानगी, म्हणजे सनद (चार्टर), मिळते. मी न्यू जर्सीतल्या अशा एका शाळेच्या विश्वस्त मंडळावर पालक म्हणून होते. ती शाळा राज्याने बंद केली. वर्गात शिकवणं चांगलं होतं, मुलं हौसेने जायची, आणि तरीही बंद केली ते बरोबरच केलं, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. शाळेचं नाव लिहीत नाही.

आधी परवानगीचं. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला, पहिली शाळा पुढच्या वर्षी सेंट पॉलमध्ये निघाली. काही राज्यांत स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा, परवानगी देतं, काही ठिकाणी विद्यापीठं आणि सेवाभावी संस्थासुद्धा देतात. ओहायोत अशा संस्थेला स्पॉन्सर म्हणतात आणि तिला शाळेच्या सरकारी निधीतून ३ टक्क्यांपर्यंत शुल्क घेता येतं. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच पैशावर चालायचं, हे मला अजिबात पटत नाही. त्याच ओहायोत जानेवारी २०१८ मध्ये इकॉट नावाची मोठी ऑनलाइन शाळा भर वर्षात बंद झाली आणि सुमारे १२ हजार मुलं वाऱ्यावर पडली. जितक्या मुलांचे पैसे घेतले, तितकी मुलं खरोखर शिकत होती याचा पुरावा शाळेला देता आला नव्हता.

न्यू जर्सीचा १९९५चा कायदा त्या मानाने कडक आहे. इथे परवानगी एकटे राज्याचे शिक्षण आयुक्त देतात. अर्ज शिक्षक, पालक किंवा दोघे मिळून करू शकतात. स्थानिक डिस्ट्रिक्टला आपलं मत कळवता येतं, पण अडवता येत नाही. अर्ज मंजूर झाला तरी शाळा उघडण्याआधी राज्याची माणसं तयारी बघून जातात, मग अंतिम सनद मिळते. पहिली सनद ४ वर्षांची, पुढे नूतनीकरण ५-५ वर्षांचं. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. मुलामागे डिस्ट्रिक्टच्या खर्चाच्या ढोबळमानाने ९० टक्के रक्कम शाळेला मिळायची असते. प्रत्यक्षात कमी पडते, कारण बऱ्याच रकमा त्या हिशेबात धरतच नाहीत. इमारतीची तजवीज शाळेने स्वतः करायची.

आमचं घोडं तिथेच अडलं. इमारत भाड्याची, भाडं दरवर्षी वाढणारं, आणि बजेट मात्र सगळे वर्ग भरलेत असं धरून केलेलं. पट भरत नव्हता. ऑक्टोबरात पटाची मोजणी झाली की खरा आकडा राज्याकडे जातो आणि येणारी रक्कम त्याप्रमाणे कमी होते. मी पेशाने अकाउंटंट. मंडळाच्या बैठका कायद्याने जाहीर असतात, आमच्या संध्याकाळी शाळेच्या कॅफेटेरियात व्हायच्या. खजिनदारांचा अहवाल म्हणजे एक कागद, तोही बैठक सुरू झाल्यावर हातात पडायचा. मी भाडेकरार मागितला, बँकेचं रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या आणि आपल्या नोंदींचा ताळमेळ, मागितलं, हातातल्या रोख रकमेत किती दिवसांचा खर्च भागेल ते विचारलं. राज्य नेमकं हेच बघतं. अध्यक्षांचं उत्तर ठरलेलं, "आपण मुलांसाठी आलोय, आकड्यांसाठी नाही."

मग एकदा नागरिकांना बोलायला दिलेल्या वेळात एक आई उठली. तिला इंग्रजी येत नव्हतं, मोठी मुलगी शेजारी उभी राहून भाषांतर करत होती. धाकट्या मुलाला बोलण्याच्या उपचारांचे तास कागदोपत्री मंजूर होते. तिने शाळेकडून मागून घेतलेली नोंदवही दाखवली. तारखा छापलेल्या, पुढचे रकाने महिनोन्‌महिने कोरे. थेरपिस्ट सोडून गेली होती आणि पैसे वाचतात म्हणून कोणी नेमलंच नव्हतं. हे तास देणं कायद्याने बंधनकारक आहे, ती मेहेरबानी नव्हे. अध्यक्षांनी "आभारी आहोत" म्हणून पुढचा विषय घेतला. तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

शाळा बंद व्हायला सुरुवात मंडळाच्या त्या बैठकांच्या टेबलावर झाली. राज्य तीन अंगांनी बघतं: मुलांची प्रगती, पैसा आणि कारभार. पालक फक्त पहिलं बघतात. आम्हाला आधी प्रोबेशनचं, म्हणजे सुधारा नाहीतर सनद जाईल अशा ताकिदीचं, पत्र आलं, सुधारणेचा आराखडा मागितला. आराखडा सुरेख लिहिला गेला, अंमल शून्य. सनदीच्या शेवटच्या वर्षी ऑक्टोबरात नूतनीकरणाचा अर्ज गेला आणि हिवाळा सरता सरता नकाराचं पत्र आलं. शाळा जूनपर्यंत चालली. आयुक्तांना मुदत संपायच्या आतही सनद काढून घेता येते, ती वेळ आमच्यावर आली नाही. निर्णयाविरुद्ध कोर्टात जाता येतं; आमच्या मंडळाकडे वकिलाचे पैसेच नव्हते.

पालकांनी एकसारखे टी-शर्ट घातले आणि बस करून ट्रेंटनला, म्हणजे राजधानीला, निदर्शनं करायला गेले. मी गेले नाही. ज्यांच्याकडे माझं जेवणखाण, त्या लोकांनी मला फितूर म्हटलं. पण त्या कोऱ्या रकान्यांवर त्यांच्यातल्या एकानेही कधी तोंड उघडलं नव्हतं.

राज्यालाही मी सोडत नाही. दरवर्षीचं ऑडिट त्यांच्याकडे जात होतं, मग इतकी वर्षं काय केलं? आणि निर्णय अशा वेळी दिला की दुसऱ्या चार्टर शाळांच्या सोडतीसाठी अर्ज करायची मुदत संपत आली होती. डिस्ट्रिक्टच्या शाळेला मुलांना घ्यावंच लागतं, त्यामुळे जागा सगळ्यांना मिळाली, माझ्या मुलालाही मिळाली. त्या थेरपीवाल्या मुलाला तिथे तास सुरू झाले. आमच्या "प्रेमळ" शाळेत जे झालं नाही ते लोक नावं ठेवतात त्या शाळेत झालं.

आता महाराष्ट्र. माझे भाऊजी साताऱ्याकडे एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत. त्यांचं म्हणणं, "२०१७ मध्ये सरकारने कमी पटाच्या १,३००हून जास्त शाळा बंद करायचं ठरवलं तेव्हा तू चिडलीस, आणि तिकडे मात्र सरकारची बाजू घेतेस." भाऊजी, दोन्हीत फरक आहे. वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दहा मुलं नाहीत हा शाळेचा गुन्हा नव्हता. तिथल्या लहान मुलाला दुसरी शाळा ओढ्यापलीकडे आहे. आमच्या मंडळाने मात्र जनतेचा पैसा लेखी वचनावर घेतला आणि वचन मोडलं. वचन मोडणाऱ्याची सनद जायलाच हवी.

आणि आपल्याकडे अडचण मॉडेलची नाहीच. २०१२चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आहे, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आहे. पण त्या कायद्याचे निकष खोल्या, स्वच्छतागृह, मैदान, शिक्षकसंख्या यांचे. संस्थेची बैठक जाहीर नाही, भाडं कोणाच्या खिशात जातं ते पालकाला विचारता येत नाही. भाऊजींच्या संस्थेचा ताळेबंद मी मागितला तर म्हणाले, "घरातलं माणूस म्हणून दाखवतो." मला घरातलं माणूस म्हणून नको, तिथल्या प्रत्येक पालकाला मिळायला हवा.

एक सांगायचं राहिलं: न्यू जर्सीत उत्तम चार्टर शाळा पुष्कळ आहेत, एका शाळेवरून सगळ्यांना मोजू नका. आणि बाकी राज्यांत नियम बरेच वेगळे. टेक्सासमध्ये २०१३च्या कायद्याने सलग तीन वर्षं नापास झालेल्या शाळेची सनद आपोआप रद्द होते, ॲरिझोनात पहिलीच सनद १५ वर्षांची असते.

महाराष्ट्रात आणायचंच असेल तर शासन निर्णयात पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहा. मंडळाची बैठक पालकांसमोर आणि हिशेबाचे कागद आठवडाभर आधी. आणि शाळा बंद करायची तर तो निर्णय आसपासच्या शाळांचे प्रवेश सुरू होण्याआधी.